पळीवाढा फेसवॉश

वहिनींनी बाटली तिरकी केली आणि मी तळहात पुढे धरला. फेसवॉश हातावर टेकला न टेकला तोच बोटांच्या फटीतून बेसिनमध्ये गेला आणि उरलेला मनगटावरून कोपराकडे निघाला. तोंडापर्यंत न्यायला हातात काही शिल्लकच नव्हतं.

“सगळं मापानं घातलं हो,” वहिनी म्हणाल्या. “कोरफडीचं जेल तर उलट जास्तच घातलं, घट्ट व्हावा म्हणून. तरी पाणीच!”

त्या जेलनंच घात केला होता, पण ते पुढे सांगते. घरी फेसवॉश करणाऱ्यांची ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की आता कुणी “घट्ट कशानं करू?” असं विचारलं तर मी आधी उलटा प्रश्न टाकते: फेस कशाचा आहे? फेसवॉशमध्ये मळ काढणारा पदार्थ कोणता आहे, यावर तो कशानं दाटेल हे ठरतं. एकाला मीठ चालतं, दुसऱ्यावर त्याचा काही परिणाम होत नाही, तिसरा मिठानं उलट पातळ होतो. हे न पाहता जो डबा हाताला लागेल त्यातलं चमचाभर घालत गेलं की वहिनींच्या बाटलीसारखं होतं.

आणखी एक गैरसमज आधीच बाजूला करते. घट्ट फेसवॉश जास्त चांगला धुतो असं काही नाही. धुण्याचं काम फेसाचा पदार्थ करतो. घट्टपणा असतो तो फक्त हातावर थांबायला आणि चेहऱ्यावर सावकाश पसरायला. दुकानातला दाट फेसवॉश बघून आपल्याला वाटतं की यात ‘माल’ जास्त आहे. बहुतेक वेळा त्यात पाणीच जास्त असतं, फक्त ते नीट बांधलेलं असतं. म्हणून पातळ झाला म्हणून फेसाचा पदार्थ वाढवत बसू नका, त्वचा कोरडी पडून ओढल्यासारखी होईल.

काहीही न घालता सुटण्याचा एक मार्गही आहे. फोम पंपाची बाटली मिळते, दाबलं की फेसच बाहेर येतो. तिला पातळ द्रवच लागतो, दाट घातला तर पंप अडकतो. तुमचा फेसवॉश बाकी सगळ्या बाबतींत चांगला झाला असेल आणि फक्त पातळ असेल, तर बाटली बदला आणि हा लेख इथेच मिटून ठेवा. वहिनींनाही मी हेच सुचवलं होतं. पण त्यांना जेलच हवं होतं, आणि जेल हातावर घेण्यात एक सुख आहे हे मलाही मान्य आहे.

आता कोरफडीच्या जेलकडे येते. बाजारातल्या पारदर्शक जेलची बाटली फिरवून मागची यादी वाचा. बऱ्याचदा त्यात ‘कार्बोमर’ हा शब्द सापडेल. बाटलीतला थरथरता घट्टपणा कोरफडीचा नसतो, या कार्बोमरचा असतो. कोरफडीचा ताजा गर मिक्सरमधून काढला की पाण्यासारखा वाहतो, हे ज्यांनी कुंडीतलं पान कापून पाहिलंय त्यांना माहीत आहे. कार्बोमरचे धागे पाण्यात फुगून एकमेकांना दूर ढकलत ताठ उभे राहतात, आणि सगळं जेल त्यांच्या त्या ताठपणावर उभं असतं. त्यांना एक गोष्ट सोसत नाही, ती म्हणजे मीठ.

हे स्वतः करून पाहा. असं जेल वाटाण्याएवढं तळहातावर घ्या, वर चिमूटभर मीठ टाका आणि बोटानं फिरवा. दोन-तीन वेढ्यांतच जेल मोडतं आणि हातावर नुसतं पाणी उरतं. इतक्या झटकन की पहिल्यांदा पाहणारा हमखास दुसऱ्यांदा करून बघतो. वहिनींच्या बाटलीत हेच झालं होतं. त्यांनी मीठ घातलं नव्हतं, पण फेसासाठी सीएपीबी (कोकामिडोप्रोपिल बीटेन) घातलं होतं, आणि त्या द्रवात तयार होतानाच मीठ आलेलं असतं, साधारण पाच टक्क्यांच्या आसपास. जेल जितकं जास्त घातलं तितकं ते मोडत गेलं. तेव्हा तयार कोरफड जेल घालून फेसवॉश घट्ट करण्याचा नाद सोडा. कोरफड हवी असेल तर कोरफड म्हणून घाला, घट्टपणाची अपेक्षा तिच्याकडून ठेवू नका.

मिठाचा चढ आणि उतार

गृहउद्योगाच्या शिबिरांत शिकवला जाणारा फेसवॉश किंवा हँडवॉश बहुधा एसएलईएसचा (सोडियम लॉरेथ सल्फेटचा) असतो, जोडीला सीएपीबी. या जोडीला घट्ट करायला खरंच साधं मीठ पुरतं. म्हणूनच ‘मीठ घाला, घट्ट होतं’ ही माहिती सगळीकडे पसरली आहे. ती खोटी नाही, अर्धी आहे.

माझी पहिली एक किलोची खेप मला अजून आठवते. फेसाचं मिश्रण पातळ होतं. मी एक चमचा मीठ विरघळवून घातलं, थोडं दाटलं. आणखी एक, आणि पळीवरून ओघळताना धार जाड पडू लागली. तिसऱ्या चमच्याला छान मधासारखं झालं. तिथे हात थांबायला हवा होता. पण वाटलं, अजून एक घातला तर दुकानातल्यासारखं होईल. चौथा चमचा पडला आणि ढवळता ढवळता चमच्याला लागणारा जोर कमी झाला. मला वाटलं मीठ कमी पडलं, म्हणून पाचवा घातला. मग ते गढूळ झालं आणि सकाळी बाटलीत दोन थर दिसले.

का होतं ते समजून घेतलं की हात आपोआप आवरतो. फेसाच्या पदार्थाचे कण पाण्यात सुटे राहत नाहीत. शेपट्या आत आणि डोकी बाहेर अशा गोळ्या करून राहतात. एसएलईएसच्या डोक्यांवर सारखाच विद्युतभार असतो, म्हणून ती एकमेकांना ढकलतात आणि गोळ्या गोलच राहतात. गोळ्या एकमेकींवरून घरंगळतात, म्हणून द्रव पातळ. मीठ आलं की हे ढकलणं मंदावतं, डोकी जवळ सरकतात आणि गोळ्यांच्या लांब शेवया होतात. शेवया एकमेकींत गुंततात, आणि त्या गुंत्यालाच आपण घट्टपणा म्हणतो. मीठ आणखी वाढलं की शेवयांना फाटे फुटतात, गुंता सैल होऊन सरकू लागतो, द्रव पुन्हा पातळ होतो. त्याही पुढे गेलात की फेसाचा पदार्थ पाण्यातून बाहेरच पडतो. म्हणजे हा डोंगर आहे. एका बाजूनं चढ, माथा, आणि पलीकडे उतार. उतारावर उभं राहून मीठ घालत राहिलं तर आपण खालीच जाणार.

म्हणून मीठ कोरडं घालायचं नाही आणि चमच्यानं मोजायचं नाही. २० ग्रॅम मीठ ८० ग्रॅम डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून ठेवा. मोठ्या भांड्याला हात न लावता त्यातला १०० ग्रॅम फेसवॉश वाटीत काढा आणि त्यात मिठाचं पाणी दोन-दोन ग्रॅम घालत जा. दर वेळी हलक्या हातानं ढवळा, बुडबुडे बसू द्या, मग बघा आणि लिहून ठेवा. दोन ग्रॅम मिठाच्या पाण्यात ०.४ ग्रॅम मीठ असतं, म्हणजे पाच वेळा घातलं की दोन टक्के झालं. बहुतेक मिश्रणं एक ते दोन टक्क्यांच्या दरम्यान हवी तशी होतात. सीएपीबी जास्त असेल तर त्यातलं मीठही जमेस धरा, वरून कमी लागेल. तीन टक्क्यांपर्यंत जाऊनही काही होत नसेल तर दोष मिठाचा नाही, मिश्रणात फेसाचा पदार्थच कमी आहे.

असं होण्याचं एक कारण फार वेळा दिसतं. एसएलईएस दोन प्रकारांत मिळतो. एक ७० टक्क्यांचा, मलमासारखा दाट. दुसरा २८ टक्क्यांचा, ओतता येणारा. कृती लिहिणाऱ्याच्या मनात पहिला असतो आणि दुकानदार दुसरा बांधून देतो. वजन तेवढंच, माल निम्म्याहून कमी. मग तुम्ही कितीही मीठ घाला. दुकानात टक्केवारी विचारा, डब्यावर लिहून घ्या.

मीठ जास्त झालंच तर फेकू नका. मीठ न घातलेली तशीच दुसरी खेप करा आणि ती थोडी थोडी त्यात मिसळा, मिश्रण पुन्हा माथ्याकडे चढतं. माझा तो एक किलो मी असाच वाचवला, पण तो अडीच किलो झाला आणि वर्षभर घरात सगळ्यांनी त्यानंच हात धुतले.

चेहऱ्यासाठी मात्र एसएलईएस मी आता वापरत नाही, हा माझा कल. हाताला ठीक आहे. कोरड्या किंवा चटकन लाल होणाऱ्या चेहऱ्याला तो कडक पडतो.

पिठल्याचा धडा

सौम्य फेसवॉशसाठी आजकाल बहुतेक जण कोको ग्लुकोसाइड किंवा डेसिल ग्लुकोसाइड घेतात. नारळाच्या तेलातला आणि साखरेतला भाग जोडून केलेले हे पदार्थ त्वचेला सुसह्य आहेत. पण यांच्या डोक्यांवर विद्युतभार नसतो, त्यामुळे मिठाला इथे काम उरत नाही. मीठ घालून ते फारसे दाटत नाहीत, आणि घालणारा मात्र ‘अजून थोडं’ म्हणत राहतो. इथे पाण्यालाच घट्ट करावं लागतं, आणि त्यासाठी घरच्या घरी सगळ्यांत भरवशाचा आहे झॅन्थन गम.

कोबीच्या पानांवर काळी कूज आणणारा एक जिवाणू आहे, तो साखरेवर वाढवला की हा चिकट पदार्थ तयार करतो. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पिओरिया इथल्या प्रयोगशाळेत अ‍ॅलीन जीन्स यांच्या चमूनं तो शोधला, आणि १९६९ साली तिथे तो खाण्यात वापरायला परवानगी मिळाली. आज सॅलडवरच्या सॉसपासून ग्लूटेनविरहित पावापर्यंत तो असतो. केकचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो. तो खाण्याचा चालतो, पण फेसवॉश धुरकट दिसतो. काचेसारखा स्वच्छ हवा असेल तर सौंदर्यप्रसाधनांचं सामान विकणाऱ्याकडे ‘क्लिअर’ प्रतीचा मागा.

झॅन्थन बिघडतो तो घालण्याच्या पद्धतीमुळे. उकळत्या पाण्यात डाळीचं पीठ एकदम ओतून पिठलं करणारी नवशिकी सून आठवा. वरून पीठ भिजतं, आत कोरडं राहतं आणि ताटात गुठळ्या येतात. झॅन्थन पिठाहून दहापट हट्टी आहे. पाण्याचा थेंब लागताच कणाभोवती चिकट कवच बनतं आणि आतल्या पुडीला पाणी पोचतच नाही. गुठळी नखानं फोडली तर आत कोरडी पांढरी पूड सापडते, मिक्सर फिरवून झाल्यावरसुद्धा.

उपाय ग्लिसरीनमध्ये आहे. ग्लिसरीनमध्ये झॅन्थन फुगत नाही, फक्त सुटा सुटा होऊन बसतो. एक भाग झॅन्थन आणि पाच भाग ग्लिसरीन कोरड्या वाटीत कोरड्या चमच्यानं घोटा. ओल्या चमच्यानं घोटलंत तर गुठळ्या तिथेच सुरू. पातळ चुन्यासारखं दिसू लागलं की त्यात पाणी ओता, आधी थोडं, मग बाकीचं, आणि ढवळत राहा. पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेवा. परत आलात की पाण्याचं जेल झालेलं असतं.

मी करते ते प्रमाण १०० ग्रॅमचं देते. डिस्टिल्ड पाणी ६५ ग्रॅम, ग्लिसरीन ५, झॅन्थन १, कोको ग्लुकोसाइड १५, सीएपीबी १२, फेनॉक्सीइथेनॉल आणि इथाइलहेक्सिलग्लिसरीन असं जोडीनं मिळणारं प्रिझर्व्हेटिव्ह १, आणि सायट्रिक अ‍ॅसिडचं पाणी सुमारे १ ग्रॅम. आधी सांगितल्याप्रमाणे जेल करायचं. वेगळ्या भांड्यात ग्लुकोसाइड आणि सीएपीबी एकत्र करायचे. थंडीत कोको ग्लुकोसाइड गोठल्यासारखं होतं, तेव्हा बाटली कोमट पाण्यात ठेवायची. मग ही जोडी जेलमध्ये हळूहळू ओतून चमच्यानं एकाच दिशेनं फिरवायची. इथे ब्लेंडर लावायचा नाही. ब्लेंडर लावायचाच तर फेसाचा पदार्थ पडण्याआधी. झॅन्थनमध्ये अडकलेला बुडबुडा वर यायला तयार नसतो. एकदा घाईत मी शेवटी ब्लेंडर फिरवला होता. फेसवॉश पांढरा झाला आणि तीन दिवस तसाच राहिला, जणू दूधच.

झॅन्थन ०.८ टक्के घेतला तर फेसवॉश पाकासारखा ओततो, एक टक्क्याला पळीवाढा होतो. दीड टक्क्याच्या पुढे त्याला तार सुटते आणि हातावर शेंबडासारखा वाटतो. शब्द किळसवाणा आहे, पण दुसरा कोणताही शब्द इतका अचूक नाही. तेव्हा जास्त घट्ट हवा म्हणून झॅन्थन वाढवण्यात अर्थ नाही. एक टक्क्याला तो बाटलीत उभा राहतो आणि चोळताना पातळ होतो. हा त्याचा मोठा गुण आहे, कारण त्यामुळे साध्या पंपातूनही तो सहज येतो.

फेसवॉश तयार झाला आहे आणि आता पातळ वाटतोय, असं असेल तर वरून पूड भुरभुरू नका. पाव चमच्यापेक्षाही कमी, म्हणजे अर्धा ग्रॅम झॅन्थन अडीच-तीन ग्रॅम ग्लिसरीनमध्ये घोटा, त्यात दोन-तीन पळ्या फेसवॉश घालून सारखं करा आणि मग ते सगळं मूळ भांड्यात मिसळा. आमटीला चण्याच्या पिठाचं लावण लावतो तसंच.

आपल्याकडची गवारही याच कामाला येते. गवारीच्या बियांपासून गवार गम होतो, आणि जगातल्या गवार गमाचा मोठा वाटा भारतातून, त्यातही राजस्थानातून जातो. तो स्वस्त आहे, पण फेसवॉश गढूळ करतो आणि कच्च्या शेंगेसारखा वास ठेवतो. बुळबुळ कमी आणि स्वच्छ पारदर्शकपणा हवा असेल तर हायड्रॉक्सीइथाइल सेल्युलोज, दुकानाच्या भाषेत एचईसी, एक ते दीड टक्का घ्या. कोमट पाण्यात भुरभुरून अर्धा-पाऊण तास ढवळत राहावं लागतं, तेवढा धीर हवा. मिठाचं त्याला फारसं वावडं नाही.

साबण किसून केलेला

अजून एक प्रकार घरोघरी होतो. साबणाची वडी किसायची, गरम पाण्यात विरघळवायची, झाला लिक्विड सोप. गार झाल्यावर तो कधी पाण्यासारखा, कधी एकदम लोळागोळा, आणि मध्ये कुठेतरी लांब तार येणारा. ही वडी वडीच राहण्यासाठी केलेली असते, द्रव होण्यासाठी नाही. पोटॅशचा खरा द्रव साबण मिळाला, तर त्यातला ऑलिव्ह तेलाचा प्रकार मिठानं थोडा दाटतो, नारळाचा नाही दाटत.

पण त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे साबण आम्लारी असतो, पीएच नऊ-दहाच्या घरात. चेहऱ्याची त्वचा पाचच्या आसपास. हे कळलं की लोक साबणात लिंबू पिळतात. दुधात पिळल्यावर जे होतं तेच होतं. साबण फुटतो, तेलातली आम्लं सुटी होऊन वर तरंगतात आणि खाली पाणी. तो दाट दिसतो खरा, पण आता तो धुणारच नाही. साबण साबणासारखा वापरावा. पाचचा पीएच हवा असेल तर वर दिलेला ग्लुकोसाइडचा मार्ग धरावा.

अळशी, रिठा आणि फ्रिज

“केमिकल नको, घरचंच काहीतरी सांग,” असं मला दर वेळी कुणीतरी सांगतं. सांगते. एक भाग अळशी, म्हणजे जवस, आठ भाग पाण्यात मंद आचेवर उकळा. अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार आली की गरम असतानाच गाळा. गार झाल्यावर गाळायला घेतलंत तर कापडातून काही उतरणार नाही. हे जेल उत्तम असतं. मेथी, सब्जा, भेंडी यांचंही असंच. रिठ्याचं पाणी त्यात मिसळलं तर फेसही येतो. फक्त रिठा डोळ्यांत जाऊ देऊ नका, फार झोंबतो. डोळे घट्ट मिटून धुवा आणि पाण्यानं नीट काढून टाका. कोरफडीचं पान वापरणार असाल तर कापून आधी उभं ठेवा आणि पिवळा चीक निथळू द्या, त्वचेला खाज त्यानं येते.

पण हे सगळं अन्न आहे, आणि जे आपल्याला अन्न ते बुरशीलाही अन्न. अळशीचं जेल मी एकदा बाटलीत भरून न्हाणीघरात ठेवलं होतं. पाचव्या दिवशी झाकण उघडलं तर फस्स आवाज आला आणि ताकाचा आंबूस वास. बाटलीचा तळ बाहेर फुगला होता. असं जेल तीन दिवसांपुरतंच करा, फ्रिजमध्ये ठेवा, आणि वास जरा बदलला तरी टाकून द्या. कडुनिंबाची पानं, गुलाबपाणी, व्हिटॅमिन ई, चंदनाचं तेल, यांतलं काहीही फेसवॉश टिकवत नाही. व्हिटॅमिन ई तेलाला खवट होऊ देत नाही एवढंच, बुरशीला नाही अडवत. पाणी असलेली कोणतीही बाटली आठवडाभराहून जास्त ठेवायची तर प्रिझर्व्हेटिव्ह हवंच. फेनॉक्सीइथेनॉल एक टक्क्याच्या वर नेऊ नये. सोडियम बेंझोएट घेत असाल तर पीएच पाचच्या खाली आणल्याशिवाय ते धड काम करत नाही.

कॉर्नफ्लॉवर शिजवून घालण्याचा सल्लाही फिरतो. दोन दिवसांत त्याला पाणी सुटतं आणि चौथ्या दिवशी तो आंबतो. चायना ग्रासच्या वड्या पडतात, जिलेटिन उन्हाळ्यात विरघळतं. हे तिन्ही पदार्थ जेवणानंतरच्या गोडासाठी राहू द्या.

घट्टपणा सगळ्यांत शेवटी ठरवायचा, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. ग्लुकोसाइड मूळचे फार आम्लारी असतात, पीएच अकराच्या पुढे. पट्टीवर गडद निळा रंग येतो. सायट्रिक अ‍ॅसिडचं २० टक्क्यांचं पाणी थेंबाथेंबानं घालत साडेपाचपर्यंत उतरवा. हे उतरताना दाटपणा बदलतो. सोडियम लॉरॉइल सार्कोसिनेट हा फेसाचा पदार्थ आणि सीएपीबी यांची जोडी तर पीएच उतरवता उतरवता काही न घालताच दाट होते. प्रिझर्व्हेटिव्ह आणि सुगंधही दाटपणा बदलतात. सुगंधी तेल विरघळवायला पॉलीसॉर्बेट २० घातलंत तर मिठानं आलेला घट्टपणा ढासळू शकतो. म्हणून पीएच, प्रिझर्व्हेटिव्ह, सुगंध हे सगळं झाल्यावर मगच मिठाचं पाणी. आणि झॅन्थन आधीच घातलेला असेल तर शेवटी किती पातळ झाला ते बघून पुढच्या खेपेचं प्रमाण ठरवा. माझं मत विचाराल तर चेहऱ्याच्या फेसवॉशला सुगंध नकोच.

मोजमापाची दोन साधनं घ्याच. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा, सोनाराकडे असतो तसा, आणि पीएचच्या पट्ट्या. चमचा इथे फसवतो. मिठाचा सपाट चमचा सहा ग्रॅमच्या आसपास भरतो, झॅन्थनचा त्याच्या निम्म्याहूनही कमी. पाणी डिस्टिल्डच. बोअरच्या पाण्यातले क्षार मिठाचा हिशेब चुकवतात आणि कार्बोमरला तर उभंच राहू देत नाहीत. पुड्या उघडताना नाकाला रुमाल बांधा, झॅन्थनची पूड हवेत फार उडते.

किती घट्ट झाला हे त्याच रात्री ठरवू नका. बुडबुड्यांनी भरलेला फेसवॉश खोटा दाट दिसतो आणि गरम असलेला खोटा पातळ. झाकून ठेवा. सकाळी स्टीलचं ताट भिंतीला तिरकं टेकवून वरच्या काठावर एक थेंब ठेवा आणि शेजारी तुम्हाला आवडणाऱ्या दुकानातल्या फेसवॉशचा एक थेंब. दोघांना खाली यायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघा. बाटली हलवून डोळ्यांनी केलेल्या अंदाजापेक्षा हे ताट खरं बोलतं. चेहऱ्याला लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून धुवा, दोन दिवस बघा.

कौतुक होऊ लागलं की शेजारणी पैसे देऊ करतात. घरच्यांना, मैत्रिणींना भेट द्या, पण विकायला काढणार असाल तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि त्याखालचे २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम लागू होतात आणि उत्पादनाचा परवाना लागतो. महाराष्ट्रात त्यासाठी अन्न व औषध प्रशासनाकडे जावं लागतं. ‘घरगुती’ असं लेबलवर लिहिल्यानं त्यातून सुटका होत नाही.

वहिनींची बाटली आम्ही वाचवू शकलो नाही, त्यातला कार्बोमर मोडलेलाच राहिला. मात्र त्याच आठवड्यात त्यांच्या ओट्यावर नव्यानं केला. झॅन्थन ग्लिसरीनमध्ये त्यांनीच घोटला आणि पिठलं करणाऱ्या हाताला वेगळं सांगावं लागलं नाही. वहीत नोंद आहे: जानेवारी, झॅन्थन १ टक्का, थेंब ताटावरून खाली यायला ४० सेकंद. त्याखाली मे महिन्यातली, त्याच बाटलीची: २५ सेकंद. पुढच्या ओळीत त्यांच्या अक्षरात लिहिलंय, “उन्हाळ्यासाठी १.१ करून बघणे.”